अख्खा भोपळा कापायचा कुणी

लढाईच्या वर्षांत आमच्या आळीत भोपळे उदंड आणि बापे नावालाच. वाईजवळचं आमचं गाव. धडधाकट गडी सगळे पलटणीत, माझे वडीलही. मागं आई आणि आम्ही तिघी बहिणी. रेशनचं धान्य कधीच पुरायचं नाही. मग बांधावरून तांदुळजा, घोळ, पाथरी असली रानभाजी खुडून आणायची. एकदा मी पाथरी समजून भलताच पाला आणला आणि सगळं घर रात्रभर परसाकडं पळत होतं. तेव्हापासून आईचा भरवसा फक्त कौलांवर चढवलेल्या भोपळ्याच्या वेलावर.

आता अख्खा भोपळा म्हणजे घरचा थोरला लेक, अशी गावाची समजूत. त्याला बाईनं विळी लावायची नाही, पहिला घाव बाप्यानंच घालायचा. आळीत बाप्या उरला होता एकच, पायानं अधू असलेला एक म्हातारा. आम्ही त्याला आबा म्हणायचो. विळा घेऊन ऐटीत यायचा, भोपळ्याला हात जोडायचा, एक घाव घालायचा आणि पाव भोपळा काखेत मारून चालता व्हायचा. तेवढ्यात आमची एक वेळ भागली असती. आईचा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा चांगला घागरीएवढा भोपळा धरला. आई म्हणाली, "कापायचा न्हाई नव्हं? मग पडून फुटू दे की आपसूक."

मी कौलांवर चढले आणि दिला ढकलून. मेला फुटला नाही. खाली उकिरड्यावर मऊ पडला, तिथून उताराला लागला आणि गडगडत गेला तो थेट आबाच्या दारात. आम्ही चौघी मागं धावतोय आणि म्हातारा उंबऱ्यावर बसून मजेत बघतोय.

"आज भोपळाच आला व्हय चालत," म्हणत त्यानं विळा काढला आणि या खेपेला अर्धा ठेवून घेतला.

आई चिडली. "आवं आबा, बाईनं कापायचा न्हाई, ह्यो नेम केला तरी कुणी?"

"कुणी का केला आसंना," म्हातारा म्हणाला, "लय चांगला केलाय."

झालं, आईचं टाळकं सटकलं. पुढचा भोपळा तिनं दार लावून सरळ विळीवर धरला. आता छप्पर कोसळतंय म्हणून आम्ही तिघी डोळे गच्च मिटून बसलो. छप्पर होतं तिथंच राहिलं.

भाजी शिजत आली तसा वासावर आबा आलाच, विळ्यासकट.

"भोपळा कुणी कापला?"

"जिनं लावला तिनं," आई म्हणाली.

 म्हातारा विळा पाठीमागं धरून तसाच दारात उभा राहिला. जाईना. चुलीवरच्या भांड्यावरून त्याची नजर हलत नव्हती.  आई उठली, वाडगाभर भाजी वाढली, वर भाकरी ठेवली आणि त्याच्या हातात दिली.

"भूक लागलीया म्हणून सांगायचं हुतं की," ती म्हणाली. "इळा कशापायी आणत हुतासा?"