रोज एकच चूक

माझ्या थोरल्या भावाला छापखान्यात सगळे ‘काना-मात्रा’ म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. सदतीस वर्षं तो मुद्रितशोधक होता, म्हणजे पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका काढणारा. पुस्तकं बहुतेक इंग्रजी, कॉलेजची. लग्नाची पत्रिका आली तरी हा आधी त्यातल्या चुका बघणार आणि मग लग्न कुणाचं ते. पुढे छापखाना बंद पडला, वर्षभरात वहिनीही गेल्या, आणि चुका काढायला त्याच्यापुढे उरलं कोण, तर मी.

मी नर्स होते. अख्खा वॉर्ड मला टरकून असायचा, डॉक्टरांसकट. वहिनी गेल्या तेव्हा पंधरा दिवसांसाठी म्हणून दादाकडे आले, त्याला आता सहा वर्षं झाली. माझा नवरा कधीचाच गेला, मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला, मग परत जायचं तरी कुणाकडे? एका खोलीत तो, एका खोलीत मी, मध्ये स्वयंपाकघर. दादा मुळातच घुम्या. मी बडबडी, पण भिंतीशी किती बोलणार माणूस. हळूहळू मीही कामापुरतीच बोलायला लागले. गोळी घेतलीस का. दिवा बंद कर. याला बोलणं म्हणत असाल तर आम्ही बोलत होतो.

माझ्या मुलीला ते बघवेना. ती कॉम्प्युटरमधली. सुट्टीला आली तेव्हा तिने मामाला तिचा जुना कॉम्प्युटर दिला, मेलचं खातं काढून दिलं आणि एक उद्योग लावून दिला. बँका, दवाखाने, कारखाने आपली माहिती ज्यात साठवून ठेवतात, तसलं एक सॉफ्टवेअर आहे म्हणे. डेटाबेस म्हणतात त्याला. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही, जगभरातले लोक मिळून लिहितात, आणि कुणालाही उघडून बघता येतं. त्यात प्रोग्रामच्या ओळींच्या मध्ये मध्ये साध्या इंग्रजीत टिपा असतात, कॉमेंट. हे इथे असं का केलंय, ते तिथे तसं का, असलं काहीबाही, एकाने दुसऱ्यासाठी लिहिलेलं. लिहिणारे हुशार, पण स्पेलिंगच्या नावाने आनंदीआनंद.

“कॉम्प्युटर त्या टिपा वाचतो का?” मी मुलीला विचारलं.

“नाही गं, तो त्या सोडूनच देतो.”

“मग चुकल्या तरी कुणाचं काय जातंय?”

दादा पलीकडून म्हणाला, “पुढे कुणीतरी माणूस वाचतोच की.” महिन्याभरात त्याचं ते सगळ्यात मोठं वाक्य होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

तेव्हापासून सकाळी आंघोळ झाली की इस्त्रीचा शर्ट घालून तो कॉम्प्युटरसमोर बसायचा. छापखान्यातली स्टीलची पट्टी पडद्यावर धरायचा आणि ओळ ओळ सरकवत खालून वर वाचायचा. वरून वाचलं की अर्थ कळत जातो आणि डोळे चूक गिळून टाकतात, असं त्याचं म्हणणं. चूक सापडली की वहीत फाइलचं नाव, ओळीचा नंबर, चुकीचा शब्द, बरोबर शब्द. अक्षर मोत्यासारखं. आणि बरोबर दहा वाजता त्यातली एक दुरुस्ती, फक्त एक, मेलने पाठवायची. बास. मग दिवसभर उत्तराची वाट.

उत्तर यायचं. या दुरुस्त्या तपासून आत घालणारा एक माणूस होता, कुठल्या तरी थंड देशातला. आम्ही त्याला ‘पलीकडचा’ म्हणायचो. आधी तो नुसतं ‘लागू केलं, आभार’ लिहायचा. मग एखादी ओळ जास्त यायला लागली. जेवायला बसलं की दादा मला ती सांगायचा. पलीकडे आज बर्फ पडलाय. पलीकडच्याच्या कुत्र्याचं ऑपरेशन झालं. पलीकडच्याची बायको माहेरी गेलीय, ती परत येईलसं वाटत नाही. मी म्हणायचे, “जेव गुपचूप, गार होतंय.” मला काय करायचंय त्याच्या कुत्र्याशी? तो मान खाली घालून जेवायचा.

यंदा दादाला सत्तर पूर्ण व्हायची होती. त्याच्या टेबलावरची धूळ पुसताना वही उघडी दिसली. पानंच्या पानं भरलेली. पाठवलेल्या चुकांपुढे बरोबरची खूण, आणि न पाठवलेल्या मोजल्या तर तीनशे अकरा. मी कपाळावर हात मारला. रोज एक या हिशेबाने जवळजवळ वर्ष गेलं असतं. मला वाटलं, बिचाऱ्याला एकदम पाठवता येत नसणार, आणि विचारायला कमीपणा वाटत असणार. पुरुषांचं असंच असतं, वॉर्डात आयुष्यभर बघितलंय.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, “मामा अजून एकेक पाठवतोय? आई, असं कुणी करत नाही. सगळ्या एकत्र बांधून द्यायच्या असतात. ते लोक वैतागत असतील गं, पण म्हाताऱ्या माणसाला बोलत नसतील.”

झालं. माझ्या भावाला कुणी मनातल्या मनात हसतंय म्हटल्यावर माझ्या डोक्यात तिडीकच गेली. दादा डोळे तपासायला गेला त्या दुपारी मी वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून तिला पाठवला. तिने तीन दिवस बसून तीनशे अकरा दुरुस्त्या एकत्र केल्या आणि त्याच्याच खात्यातून, त्याच्याच नावाने पाठवून दिल्या. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. आम्हा मायलेकींना काय आनंद झाला होता म्हणून सांगू.

वाढदिवसाला सकाळी दादा बसला आणि मी चहा घेऊन मुद्दाम दारात उभी राहिले. पलीकडच्याचं भलं मोठं पत्र आलं होतं. दादाने ते दोनदा वाचलं. मग मान न वळवता विचारलं, “हे कुणी केलं?”

“मी आणि तुझ्या भाचीने,” मी म्हटलं. “काय म्हणतोय तो?”

त्याने मला वाचून दाखवलं. एवढ्या चिकाटीच्या कामाबद्दल सगळ्यांच्या वतीने आभार. सगळ्या दुरुस्त्या लागू केल्या. पुढच्या आवृत्तीत मदत करणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव येईल. आणि तुम्हाला पुन्हा इतके कष्ट पडू नयेत म्हणून आम्ही आता एक तपासनीस प्रोग्राम बसवलाय. जुन्या टिपांतल्या उरल्यासुरल्या चुकाही त्याने काढून टाकल्या, आणि यापुढे नवीन टिपेत स्पेलिंग चुकलं तर ती आत यायच्या आधीच तो पकडेल.

“बघ,” मी म्हटलं, “यादीत नाव येणार तुझं.”

त्याने वही पुढे ओढली, पेन उघडलं आणि एकेका चुकीपुढे बरोबरची खूण करत बसला. तीनशे अकरा खुणा. जेवायला हाक मारली तरी उठला नाही. संध्याकाळ होत आली तेव्हा वही मिटली, कॉम्प्युटर बंद केला आणि त्यावर वहिनींची जुनी ओढणी घातली. मग मी त्याच्याजवळ जाऊन बसले.

“दादा, एकदम पाठवता येतात हे तुला माहीत नव्हतं का?”

“माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात त्याने सांगितलं होतं.”

“मग?”

“मी लिहिलं, मला ते जमत नाही. तो म्हणाला, मग रोज एक पाठवा, काही हरकत नाही.” ओढणीचं टोक सरळ करत तो म्हणाला, “तीनशे अकरा होत्या गं. उत्तर एकच आलं.”

पुढचे आठ दिवस कसे गेले मलाच माहीत. दहा वाजता तो शर्ट घालून खुर्चीत बसायचा आणि ओढणीकडे बघायचा. मी शेवटी म्हटलं, “अरे, चूक नसली म्हणून काय झालं? नुसतं पत्र लिही. कसा आहेस विचार.” त्याने ऐकलं. कॉम्प्युटर लावला, दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, परत लिहिल्या. तासाभराने मी डोकावले तर पान कोरंच.

“काय लिहू? कामाशिवाय त्याचा वेळ कशाला घ्यायचा?”

इतक्या दिवसांचं माझ्या मनात साठलं होतं ते बाहेर आलं. मी केलेल्या घोळाचं वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मला रागच येतो, हा माझा जुना दोष. म्हटलं, “त्या परक्या माणसासाठी एवढा झुरतोस? त्याचा चेहरासुद्धा बघितला नाहीस तू. मी सहा वर्षं या घरात आहे, दोन वेळा तुझ्यासमोर जेवायला बसते. मी कोण आहे मग? माझ्याशी बोलावंसं नाही वाटलं कधी?”

दादाने चष्मा काढून पुसला. आवाज चढवला नाही, त्याचा आवाज कधीच चढत नाही.

“रोज बोलत होतो की जेवताना,” तो म्हणाला. “तू एकदा तरी उत्तर दिलंस का?”

मी दारातच उभी होते. काहीतरी बोलायला पाहिजे होतं, एक शब्द तरी. तो वाट बघत होता, माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या टेबलावरचा चहाचा कप उचलला आणि स्वयंपाकघरात निघून गेले.