पागनीसवहिनींनी दर सांगितला

पद्मा पागनीस लोकांच्या घरी जाऊन स्वयंपाक करते. नुसता स्वयंपाक नाही. रविवारी त्या घरात बसून ती आठवड्याचं खाणं ठरवते. कोणाला शुगर, कोणाचं पोट बिघडलेलं, कोणाच्या पोराला दुधी बघूनच ओकारी येते, हे सगळं विचारून घेते. भाजी काय आणायची ते सांगते आणि रोज सकाळी येऊन दोन्ही वेळचं रांधून जाते. नवरा, गुरुप्रसाद, इंदूरला दुसऱ्या बाईबरोबर राहतो. मेला नाही, सोडचिठ्ठीही दिली नाही. म्हणजे पद्माच्या कपाळावर कुंकू आहे, आणि ग्वाल्हेरच्या मराठी घरांना तिच्यातलं तेवढंच कामाचं वाटत आलं होतं. ते आणि तिचे हात.

थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरांतल्या हिंदी बायकांशी पैशाचं बोलायला तिला कधी लाज वाटली नाही. शिकली मात्र ठेचा खात. आधी तिनं पोळीवर दर लावला, तर एका इंजिनिअरच्या बायकोनं पोळ्या बोटभर जाड करायला लावल्या आणि नवऱ्यानं तिसरी मागितली तेव्हा पद्मासमोरच म्हणाली, "दो में पेट नहीं भरता आपका?" मग माणशी दर लावला, तर घरातली माणसंच घटायला लागली. सासू 'बस चखती हैं', दीर 'मेहमान है', आणि मिशी फुटलेलं पोरगं 'अभी बच्चा है'. शेवटी तिनं चूलच धरली. गॅस पेटला की घड्याळ सुरू, विझला की बंद. तेवढ्या तासांचे पैसे. यावर मात्र कोणी काही बोलू शकलं नाही. मुलीनं, प्रांजलीनं, ते मोबाइलवर छान छापील कार्डासारखं करून दिलं.

ते कार्ड तिनं आजवर एकाही मराठी घरात दाखवलं नव्हतं.

तिथं कसले पैसे. मुंज असो, बोडण असो, महालक्ष्म्या असोत, निरोप यायचा तो 'वहिनी, तुमच्याशिवाय काय होणार' असा. पद्मानं पहाटे जायचं, सगळं रांधायचं, आणि मग हात धुऊन, चांगलं लुगडं नेसून सवाष्ण म्हणून पाटावर बसायचं. जेवण झालं की ओटी. खण, नारळ, वर एक चुरगळलेली नोट, तीही पदराखाली, म्हणजे देणाऱ्यालाही दिसू नये. कपाटात खणांची थप्पी लागलेली. त्यांतल्या एकाचंही ब्लाउज होत नव्हतं, इतके तोकडे. ते या ओटीतून त्या ओटीत फिरत असत. एकदा तिनंच दिलेला खण, काठावरच्या तेलाच्या डागासकट, तिच्याकडे परत आला होता.

"तू फुकट राबून राहिली आहेस, आई," प्रांजली म्हणायची. "सीधी बात. ते तुला यूज करतात."

"पाटावर बसवतात गं."

"तो क्या? पाट काय सोन्याचा आहे?"

मुलीला काय सांगणार. गुरुप्रसाद गेल्यापासून लग्नात तिला मागच्या ओळीत उभं राहावं लागे, हळदीकुंकवाला आत जाताना बायकांचं बोलणं तुटे. सगळ्या वर्षात पाटावरची ती दोन-चार जेवणंच अशी, की दुसरी बाई वाकून तिचे पाय धुवायची आणि मुकाट्यानं तिच्या ताटात वाढायची. त्या पाटासाठी ती पहाटेपासून भट्टीसमोर उभी राहायला तयार होती.

यंदा अडचण थाटीपूरहून आली. तिथल्या मॅडमनं साफ सांगितलं, घरात परीक्षेची पोरं आहेत, तीन दिवस दांडी मारायची तर पुढे येऊच नका. आणि तीन दिवस लागणार होते मंदाताईंकडच्या महालक्ष्म्यांना. मंदाताई म्हणजे लश्कर भागातलं मोठं मराठा घर, पूर्वीचे शिलेदार, आता पेट्रोल पंप. ब्राह्मणाची सवाष्ण त्यांना रीतीप्रमाणे लागायचीच. इतकी वर्षं पद्माच.

"थाटीपूर सोडते," पद्मा म्हणाली.

"सोड. पण मग मंदाआजींकडून रेट घे," प्रांजली म्हणाली. "नाहीतर दोन्हीकडून गेली तू."

दोन दिवस विचार करून पद्मा गेली. मंदाताई दिवाणखान्यात सुपारी कातरत बसल्या होत्या. शेजारी सून शिखा, मोबाइलमध्ये डोकं घालून.

"या वहिनी. यंदा पडवळ आधीच सांगून ठेवलंय हो, गेल्या वेळी सोळा भाज्यांत एक कमी पडता पडता राहिली."

"मंदाताई, एक बोलायचं होतं." पद्मानं फोन पुढे केला. "मी आता सगळीकडे असं घेते. थाटीपूरचं काम सोडून यायचं म्हणजे…"

मंदाताईंनी अडकित्ता ठेवला. चष्मा लावून कार्ड वाचलं, खालपर्यंत. पद्माच्या मनात उत्तरं तयार होती. त्या म्हणतील, आपल्यांत कसला दर, मग आपण थोडं खाली येऊ, मग त्या थोडं वर येतील, मग हसतील.

"ठीक आहे," मंदाताई म्हणाल्या. "शिखा, बघून घे गं."

"हो मम्मी. काकू, मला फॉरवर्ड करा ना."

बस. घासाघीस नाही, टोमणा नाही. पद्मा जिना उतरली तेव्हा तिला हवेत चालल्यासारखं वाटत होतं. घरी येऊन म्हणाली, "बघ, उगाच घाबरत होते. मोठी माणसं ती मोठीच."

'या वहिनी' म्हणणाऱ्या मंदाताई ती निघताना काहीच म्हणाल्या नव्हत्या, हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिच्या हिशेबी स्वयंपाक वेगळा आणि पाट वेगळा. स्वयंपाकाचे पैसे, पाट रीतीचा. ही दोन्ही एका ओट्यावर मावत नाहीत, हे थाटीपूरच्या कोणत्याही बाईनं तिला सांगितलं असतं. तिनं विचारलं नाही.

पूजेच्या दिवशी ती उजाडायच्या आत पोचली. सवाष्णीनं जेवणापर्यंत तोंडात काही घालायचं नसतं म्हणून चहासुद्धा घेतला नव्हता. पुरण शिजलं, वाटलं गेलं. सोळा भाज्या, आंबील, कढी, पंचामृत, कटाची आमटी. शिखा मधून मधून दारात येऊन गॅसकडे बघून जायची आणि मोबाइलवर काहीतरी टिपून घ्यायची. दुपार कलली, नैवेद्य झाला. पद्मानं गॅस विझवला, पिशवी घेऊन न्हाणीघरात गेली, घामाची साडी बदलून हिरवं नारायणपेठ नेसली, कुंकू ठीक केलं आणि बाहेर आली.

पाटावर तिची धाकटी जाऊ बसली होती. यशश्री. गुरुप्रसाद निघून गेला तेव्हा 'पुरुष उगाच नाही जात हो घरातून' असं चारचौघींत म्हणणारी यशश्री, नव्या पैठणीत, पाय पुढे करून.

दिवाणखान्यातल्या बायका पद्माच्या साडीकडे बघायला लागल्या. कोणीतरी खोकली.

"हे काय, पद्माबाई," मंदाताई शांतपणे म्हणाल्या, "साडी कशाला बदललीत? वाढताना आमटी सांडेल. बरं, आलाच आहात तर तो तांब्या धरा. यशश्रीचे पाय धुवायचेत."

"मंदाताई, मी… मी सकाळपासून उपाशी आहे."

"अगं बाई. उपास कोणी सांगितला होता?" मंदाताईंनी आजूबाजूला बघितलं, जणू खरंच कोणी सांगितला असेल तर पुढे यावं. "पैसे घेऊन जेवायला बसलेली सवाष्ण लक्ष्मीला चालत नाही हो. तुम्हीच कार्ड दाखवलंत. आम्ही काही कमी केलं का त्यात? एक पैसा तरी?"

कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. पद्मानं तांब्या धरला. मंदाताईंनी परातीत यशश्रीचे पाय धुतले, पुसले, हळदकुंकू लावलं. पाणी जपून सोडावं लागत होतं; तरी थोडं परातीबाहेर गेलं.

"हळू हो वहिनी," यशश्री म्हणाली. तिनं 'वहिनी' म्हटलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

मग पद्मानं वाढलं. भाज्या एकेक, डावीकडून. यशश्रीनं पुरणपोळीचा तुकडा मोडून तुपात बुडवला.

"मऊ झालीय. घरी असताना कधी एवढी मऊ नाही केलीत तुम्ही. भाऊजी नेहमी म्हणायचे."

"तूप वाढू?"

"वाढा. सोडा अजून. तुमचं थोडंच आहे."

निघताना शिखानं तिला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. फोनवरून त्या दिवसाचे पैसे तिथल्या तिथं पाठवले. "काकू, चेक कर लीजिए. तुम्ही साडी बदलायला गेला होता ना, तेव्हापासून गॅस बंदच होता. तर तो टाइम नाही धरला. वाढायचं तर तुमच्या कार्डात लिहिलेलंच नाही, म्हणून तेही नाही. ठीक है ना?"

"ठीक आहे."

"आणि जेवण… जेवण पण कार्डात नव्हतं. पण मम्मी म्हणाल्या विचार. पॅक करून देऊ? पुष्कळ उरलंय."

"नको."

"पक्का? मग दरबानाला देते."

इंदरगंजच्या चौकापर्यंत ती चालत आली. नारायणपेठेच्या निऱ्यांवर आमटीचा शिंतोडा पडला होता. तिथल्या ठेल्यावर तिनं कचोरी मागितली. "प्याज चलेगा, माताजी? आज तो त्योहार है आप लोगों का," ठेलेवाला म्हणाला. ती म्हणाली, डाल दे.

द्रोण हातात घेते तोच फोन थरथरला. मराठी मंडळाच्या बायकांच्या ग्रुपवर मंदाताईंचा मेसेज होता. 'आमच्याकडचा सर्व स्वयंपाक पद्माबाई पागनीस यांनी केला. हात चांगला आहे. रेटने काम करतात. गरजूंनी संपर्क करावा.' खाली तिचं कार्ड, तिचा नंबर. त्याखाली हात जोडलेल्यांची आणि फुलांची रांग लागत होती, आणि एकेका नावाबरोबर पद्माला एकेक घर दिसत होतं, जिथं आता तिच्यासाठी पाट मांडला जाणार नव्हता.

पहिला फोन कंपू मोहल्ल्यातल्या सुधाताईंचा. गेल्या चैत्रात तिच्याकडून बोडणाचं सगळं करवून घेऊन खण देणाऱ्या.

"पद्माबाई बोलताय ना? अहो, नवरात्रात आमच्याकडे अष्टमीला… मंदानं रेट टाकलाय तो बघितला. त्यातच येईल ना सगळं?"

पद्मानं कचोरीचा घास गिळला.

"नाही. तो रांधायचा आहे. वाढायचे वेगळे."

"वाढायचे?"

"हो. आणि सवाष्णीचे पाय धुताना तांब्या धरायला लागला तर त्याचे वेगळे. ते सगळ्यात जास्त."

"अहो, पण सवाष्ण म्हणून आम्ही तुम्हालाच…" सुधाताई अडखळल्या. "नाही, म्हणजे आता ते कसं, पैसे घेतल्यावर…"

"सवाष्ण तुमची तुम्ही बघा," पद्मा म्हणाली. "यशश्री पागनीस आहे. ती फुकट येते. नंबर देऊ?"