माझा एकुलता वाचक

आसेगावला मास्तर असताना, गावात नुकत्याच आलेल्या रेडिओवर ऐकलेला हिवाळी हवामान अंदाज मी रोज सकाळी चावडीच्या फळ्यावर वळणदार अक्षरात लिहायचो. एक म्हातारा गुराखी तिथं थांबे, मान डोलवी. मग कधी घोंगडी पांघरून, तर कधी ती चावडीच्या खुंटीला अडकवून रानात जाई. वाचक एकच, पण इमानी.

एकदा मी फुशारकीनं विचारलं, "अंदाज पटतो ना, बाबा?"

"मले कुठं वाचता येते, गुरुजी? तुमी मफलर बांधला का नाई, थे पायतो."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'थंडी ओसरेल' लिहिलं. वारा बोचरा होता, तरी फळ्याची अब्रू राखायला मी मफलर घरीच ठेवला. म्हाताऱ्याची घोंगडी दिवसभर मला शाळेच्या खिडकीतून खुंटीवर दिसत राहिली.

तिसऱ्या दिवशी त्यानं माझं वाहतं नाक नीट निरखलं आणि घोंगडी पांघरली.