बनाबाईचा रानमूग

बनाबाईच्या तोंडाला कुलूप नव्हतं आणि उंद्रीच्या कुरणाला कुंपण नव्हतं. पण तिच्या देखत आत शिरायची गुराचीच काय, माणसाचीही छाती नव्हती. नवरा गेल्यापासून कुरणाची राखण तिच्याकडे होती. तेच तिचं पोट आणि तोच तिचा गावातला मान.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. नवे सरपंच उत्तमराव दसऱ्याला कुरण पाहायला आले. गवताला विळखे घालून रानमुगाचे वेल माजलेले, काळ्या शेंगा लोंबत होत्या.

"हा कचरा काऊन ठेवला? उपटा सगळा!"

"अगा बाप्पा! याच्या जोरावर तं गवत हाये," बनाबाईनं एक वेल उपटून मुळी नाकासमोर धरली. "ह्या गाठी पाहा. जिथं हा, तिथं गवत दुप्पट."

"मुळीले गाठी म्हंजे रोग, बनाबाई!"

झालं, बाई पेटली; पैजच लावली. अर्धं कुरण सरपंचांनी साफ करावं, अर्धं तिनं तसंच राखावं. दोन वर्षांनी तिचं गवत उणं निघालं, तर राखण सोडून ती भावाकडे चिखलीला जाईल. बोलून गेली खरी, पण घरी जाताना तिनं जीभ चावली. भावजयीच्या चुलीपुढं बसायचं म्हणजे मरणच की!

उपटलेले वेल बैलबंडी भरून सरपंचांच्याच उकिरड्यावर पडले. पहिल्या वर्षी त्यांचा भाग तेल लावून भांग पाडल्यासारखा दिसला. गावातला टवाळ उकंडराव पारावरून ओरडला, "बनाबाई, बोचकं बांधलं काय?"

"तुह्या बायकोले इचार, माहेरी जायची घाई तिले हाये!"

दुसऱ्या वर्षी भांग विस्कटला. सरपंचांकडे गवत विरळ, पिवळं, नुसती कुसळं. बनाबाईकडे कमरेएवढं, पाऊल टाकलं की लावे फडफडत उठायचे. तरी सरपंच म्हणाले, "गुरं ठरवतील."

दिवाळीनंतर कुरण खुलं होई, तेव्हा पहिला बैल सरपंचांचा आत जायचा, ही गावची रीत. उत्तमरावांनी हार घातलेल्या ढवळ्याला ऐटीत आपल्या भागात नेलं. त्यानं हुंगलं, फुर्र केलं आणि कासऱ्यासकट धन्याला ओढत बनाबाईच्या भागात घुसला. घुसणारच! उकिरड्यावर शेंगा तडकून रानमूग माजला होता; दोन पावसाळे तो खाऊन ढवळ्याला घरीच चटक लागली होती. मागून गावची सगळी गुरं तिकडेच.

उत्तमराव धोतरातली कुसळं उपटत उभे राहिले. "राखण तुमचीच, बनाबाई. पण माह्या भागासाठी बी देता काय?"

बनाबाईचे डोळे भरून आले. पदरानं पुसत ती हसली.

"मी काय देऊ? ढवळ्यालेच सोडा. तो इथं खाईन, तिथं हगीन. बी टणक हाये, पोटातूनही साजरं निंघते. तुमी फकस्त त्याच्या मांगं इळा घेऊन जाऊ नका!"