दोन बोटांची टाळी

शारजातल्या खालिद लगूनच्या काठाने दुसरी फेरी अर्धी झाली तरी मिहिका मुद्द्यावर आली नव्हती. ऑगस्टची दमट हवा, चष्मा सारखा धुरकट होत होता. चालताना माझा मनातल्या मनात जप चालतो, पण आज तो मोडत होता. ही पोर दर दोन मिनिटांनी फोनवर वेळ बघत होती.

"काकू, बाबांची मीटिंग साडेआठला ना?"

"हो. तुला कशाला हवी मंडळाची मीटिंग?"

"आज ते आमच्या ग्रुपचं फायनल करणारेत." ती थांबली. "ग्रुप संपलाय, काकू. फेब्रुवारीतच. इट्स ओव्हर."

मी कठडा धरला. साडेसात वाजून गेले होते.

मिहिका आमच्या शेजारची. अल मजाजच्या आमच्याच टॉवरमध्ये, नवव्या मजल्यावर वाढली. तिचे वडील, वासुदेवभाऊजी, दुबईत रास अल खोरला एका वर्कशॉपमध्ये कोटेशनं काढतात. मुलीला त्यांनी इंजिनिअर व्हायला इंग्लंडला, लीड्सला पाठवलं. तिने शिक्षण पुरं केलं, पण नोकरी न धरता हॅरिएट आणि कॉलम या दोघा इंग्रज मित्रांबरोबर नाचाच्या संगीताचा ग्रुप काढला. कॉम्प्युटर, हातभर कीबोर्ड आणि ठोके. नाव 'सॉफ्ट टर्मिनल'. त्याचा अर्थ मी विचारला होता, तिलाही सांगता आला नाही. भाऊजी सहा महिने तिच्याशी बोलले नाहीत.

मग ते गाणं आलं.

आमच्या घरी गणपतीची आरती दार लावून, एसीचा आवाज वाढवून होते. भिंतीपलीकडे तेव्हा शेजारच्या खैरुन्निसाचं तान्हं बाळ झोपलेलं असायचं. म्हणून झांजा बंद, आणि टाळी फक्त दोन बोटांनी तळव्यावर, हा नियम मीच घातला होता. शाळेत असताना मिहिकाने ती आरती आजीला पाठवायला फोनवर रेकॉर्ड करून घेतली. पुढे लीड्सला कॉलमने ती ऐकली आणि त्या दबक्या टाळीवर तिघांनी गाणं बांधलं. आरतीचे शब्द त्यात नाहीत, हे मी आधी विचारून घेतलं. नुसती टाळी, आणि मधेच एकदा माझा आवाज, "दार लाव गं."

उन्हाळ्यात तिकडे मोठमोठ्या तंबूंत कार्यक्रम होतात. तिथे शेकडो गोरी पोरं एका सुरात "दार लाव गं" ओरडतानाचा व्हिडिओ तिने मला दाखवला. मी पोट धरून हसले. नंतर देवापुढे माफीही मागून ठेवली, उगाच नको.

त्या गाण्याने भाऊजी विरघळले. गाडीत तेच लावायचे. गेल्या महिन्यात त्यांनी मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर तिघांचा फोटो टाकला, 'यंदा आपल्या गणेशोत्सवात.' मिहिका तीन आठवड्यांपूर्वी आली, ती सुट्टीवर आले असं सांगून.

"कशावरून बिनसलं?" मी विचारलं.

"टाळीवरून."

"थट्टा करतेस?"

"त्यांना ती मोठी हवी होती, स्टेडियमसारखी. चाळीस लोक बोलावून परत रेकॉर्ड केली. मी म्हटलं, ती अशी नाहीये. हॅरिएट म्हणाली, इट्स जस्ट अ क्लॅप. मी माझा कीबोर्ड उचलला आणि निघाले. खलास."

"एवढ्यावरून?"

"बघा. बाबा हेच म्हणणार."

मला माझाच नियम आठवला. खैरुन्निसाने कधी तक्रार केलीच नव्हती. तिचं बाळ आता चौथीत आहे. गेल्या वर्षी तीच मला म्हणाली, "दीदी, आपके यहाँ पूजा कब होती है, पता ही नहीं चलता. मोदक आते हैं तब समझ में आता है." म्हणजे कोणी तक्रार करेल ही भीती माझी एकटीची होती. आणि ती या पोरीच्या हातात जाऊन बसली होती.

"मी सांगू का त्यांना?"

"नको. तुमच्यासमोर हो हो म्हणतील, मग माझ्याशी परत सहा महिने बंद."

"मग आईला सांगू दे."

"आई आधी रडेल. बाबा तिची समजूत काढत बसतील, तेवढ्यात मीटिंगची वेळ होईल."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. भाऊजींचा आवाज मलाही ऐकू येत होता. "यल्ला, चला लवकर, कुठे आहात? वीस मिनिटांत निघतोय मी. लॅपटॉपवर गाणं घेतलंय, कमिटीला ऐकवतो."

"थांबा बाबा, येतेच."

आम्ही फेरी तिथेच सोडून वळलो. भराभर रस्ता ओलांडला. माझा जप आपोआप सुरू झाला होता, तोही घाईघाईत. लिफ्टमध्ये तिने नऊचं बटण दाबलं, दोनदा.

"काकू, मी बोलताना तुम्ही तिथे बसाल? काही बोलू नका, नुसतं बसा."

"बसेन."

"आणि आत आल्यावर दार लावू नका. दार उघडं असलं की बाबा आवाज चढवत नाहीत."