केबलमधली मोरपंखी लोकर

वहिनी चिडल्या की भांडी आपटत नसत. तारा सोलायला बसत. अख्खी नोकरी कानयंत्रांच्या कारखान्यात कथलाचे डाग देण्यात गेलेली. केसाएवढ्या तारेला डाग द्यायचा तर हात थरथरून चालत नाही, म्हणून राग बोटांत उतरू न देता डोक्यातच मुरवायची सवय त्यांना लागली होती. मुरलेला राग जास्त टिकतो, हे त्यांच्या धाकट्या दिराला, बारक्याला, कळायला मात्र पन्नाशी गाठावी लागली.

केबलींचं सगळं नवऱ्यापायी सुरू झालं. बसडेपोतून निवृत्त झालेला हा माणूस दुपारभर कॉम्प्युटरवर जुनी गाणी ऐकायचा. गाणं जरा हळू झालं की मागून बारीक किरकिर यायची.

"अगं, ही बाई गातेय का काही तळतेय?"

वहिनींनी कॉम्प्युटरपासून स्पीकरला आवाज पुरवणाऱ्या डबीपर्यंत जाणारी यूएसबी केबल सरळ कापली. आत चार तारा. दोन गाणं नेतात, दोन वीज, आणि चौघी एकाच अंथरुणात. "एवढ्याशा जागेत चौघी कोंबल्या तर किरकिर होणारच," म्हणत त्यांनी विजेच्या दोघींना वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं. निराळं आवरण, निराळा अडॅप्टर. किरकिर गेली.

तिथेच थांबल्या तर त्या वहिनी कसल्या! गाण्याच्या तारांचा पीळ सैल राहिला की गाणं मधेच तुटायचं. फारच आवळला तर डबी कॉम्प्युटरला ओळखच दाखवेना. मग त्यांनी विणायच्या सुईवर मोजूनमापून पीळ द्यायची रीत बसवली. प्लगपाशी तारेचं उघडं टोक तांदळाच्या दाण्यापेक्षा लांब राहता कामा नये, हा दंडकच केला. मनासारखं जमलं नाही की सगळं उलगडायच्या आणि स्वतःलाच दरडावायच्या, "परत."

बारक्याचं आवाजाच्या सामानाचं दुकान होतं. दादाकडे आला असताना त्याने ती केबल ऐकली आणि त्याचे डोळे चमकले. तेव्हापासून वहिनी बनवायच्या, तो विकायचा. पैशाला चोख होता, तक्रार त्याची नव्हती. तक्रार एका वाक्याची होती.

माल द्यायला वहिनी दुकानात गेल्या होत्या. काउंटरवर नेहमीचे दातांचे डॉक्टर विचारत होते, "साहेब, हे डोकं कुणाचं?"

"आपलंच की," बारक्या म्हणाला. "वर्षानुवर्षं खपलोय त्यावर. घरी एक बाई बसवलीय, ती नुसती वळते." आणि मान वळवून वहिनींना, "ते खोकं ठेवा तिकडे."

त्यांनी ठेवलं. घरी आल्या आणि संध्याकाळपर्यंत तारा सोलत बसल्या.

"जाऊ दे गं," नवरा म्हणाला. "आपलंच पोर आहे."

"पोर? टक्कल पडलं पोराला."

"म्हणून काय उट्टं काढणार?"

"काढणार. चारचौघांत म्हणाला ना? मग चारचौघांतच."

लग्न होऊन वहिनी घरात आल्या तेव्हा बारक्या चौथीत होता. आईविना पोर, थंडीत काकडायचं. वहिनींनी त्याला मोरपंखी लोकरीचा स्वेटर विणून दिला. पठ्ठ्या झोपतानाही काढायचा नाही. कोपरं झिजली तेव्हा ठिगळ लावून घेतलं, पण दुसरा घातला नाही. तो स्वेटर वहिनींनी इतकी वर्षं ट्रंकेत जपला होता. त्या दिवशी बाहेर काढला, काखेच्या शिवणीत कात्री घातली आणि उसवायला लागल्या. नव्या खेपेच्या प्रत्येक केबलमध्ये, पिळाच्या शेजारी, एकेक मोरपंखी धागा गेला.

पुढे काय होणार ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. दर खेपेतली एक केबल उभी चिरून काउंटरवर भिंगाखाली मांडायची, ही बारक्याची जुनी हौस.

"एक वाट ठेवलीय त्याला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "फोन करून विचारू दे, वहिनी, हा धागा कसला? सांगेन आणि विषय संपला."

फोन आला नाही. विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करणं, आणि तेवढं काही साहेबांना झेपणारं नव्हतं.

रविवारी सकाळी दुकानात शौकिनांची बैठक भरली. वहिनी मांडीवर पिशवी घेऊन सगळ्यांच्या मागे बसल्या. बारक्याने आधी साधी केबल लावली, मग नवी. मग भिंगाकडे बोट दाखवलं.

"हे मोरपंखी दिसतंय ना? खास बाहेरून मागवलेलं फायबर आहे. तारेची थरथर शोषून घेतं. गाणारीच्या गळ्यातला ओलावा जाणवला का आत्ता? तो याच्यामुळे."

"जाणवला तर!" दातांच्या डॉक्टरांनी डोळे मिटून मान डोलावली. "ओलावा. अगदी बरोबर."

"कुठून मागवलंस रे, बारक्या?" मागून वहिनींनी विचारलं.

बारक्या! दुकानात हे नाव पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. माना वळल्या. वहिनी उठल्या, पुढे आल्या आणि पिशवीतून स्वेटर काढून काउंटरवर पसरला. एकच बाही, अर्धी पाठ, आणि लोंबणारा मोरपंखी धागा.

"बघ, ओळखतोस का."

बारक्याने भिंगाखालची केबल पाहिली, मग स्वेटर. त्याचं बोट आपसूक कोपराच्या ठिगळावर गेलं. चेहरा असा पडला की वहिनींना तो चौथीतला पोरगा दिसला. क्षणभरच. त्यांनी डोळे हटवले नाहीत.

"वहिनी, हा तर माझा..."

"तुझाच. घरी बसवलेल्या बाईने विणलेला. रंगसुद्धा ओळखला नाहीस."

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले. डॉक्टर तेवढे हसले नाहीत.

"म्हणजे बाई, मला ऐकू आला तो ओलावा?"

"किरकिर गेली ती खरी, डॉक्टर. ती माझ्या हातची. ओलावा तुमचा तुम्ही घरून आणलात."

"मग केबलींचं सगळंच थोतांड म्हणायचं का?" कोपऱ्यातला एकजण उठला, त्याच्या मागोमाग आणखी दोघे. बारक्याच्या नाकाबरोबर आपल्याही नाकाचा टवका उडणार, हे वहिनींनी घरून निघतानाच धरलं होतं. उडू दे. त्या स्वेटर घडी करून घरी आल्या आणि नवऱ्याने विचारायच्या आत म्हणाल्या, "छान वाटतंय मला. काही बोलू नकोस."

काही दिवसांनी बारक्या दारात उभा राहिला. चप्पल काढायलाच त्याने बराच वेळ लावला.

"डॉक्टर रोज येतात. म्हणतात, लोकर नको, पण किरकिर घालवणारी, तुमच्याच हातची पाहिजे. बाकीचेही तेच विचारतात."

"मग बनव की. डोकं तुझंच ना?"

"मला येत नाही, वहिनी."

आतल्या खोलीत नवऱ्याने गाण्याचा आवाज मुद्दाम वाढवला. वहिनींनी पायाने स्टूल पुढे सरकवलं.

"बस. तू बाई बसवली होतीस, मी गडी बसवते. वळायला शीक. आणि खोक्यावर कुणाचं नाव येणार, ते मी सांगेन."

बारक्या बसला. समोरच्या खिळ्यावर एका बाहीचा स्वेटर टांगलेला होता, अगदी त्याच्या नजरेपुढे. त्याने सुई घेतली, दोन तारा घेतल्या, जीभ बाहेर काढून पीळ दिला आणि पुढे धरला. वहिनींनी तो उजेडात फिरवून पाहिला, सावकाश उलगडला आणि तारा त्याच्या हातात परत दिल्या.

"परत."

दुसरा बरा होता. तोही उलगडला.

"वहिनी, बोटं सोलली माझी."

"दिसतंय," म्हणत वहिनींनी डाग द्यायची सळई तापत ठेवली. "परत."