काळ्या बिअरचा वायू

थेल्मा टायसन आणि क्लिफ कर्वेन यांच्या परसदारांमध्ये आठ फुटांची गल्ली होती आणि सहा वर्षांचं वैर. क्लिफ हा तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मेविस एका सोमवारी बॅग भरून प्रेस्टनला निघून गेली ती परत आली नाही, आणि तिला बसपर्यंत सोडायला थेल्माच गेली होती हे अख्ख्या गल्लीनं पाहिलं. सोडून जावं असाच तो माणूस होता, त्यात वाद नाही. पण क्लिफच्या हिशेबी मेविस गेली नव्हती, थेल्मानं तिला पळवली होती. तेव्हापासून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. त्यानं रेडिओ लावला की ही खिडकी धाडकन आपटायची, आणि हिनं धुणं वाळत घातलं की तो नेमका तेव्हाच शेगडीतली राख झटकायचा.

थेल्मा चोपन्नची. बॅरो या इंग्लंडातल्या गोदीच्या गावाच्या उत्तरेला डोंगराकडेच्या घरांत एकटीदुकटी म्हातारी माणसं राहतात, त्यांना अंघोळ घालणं, ओटची लापशी करून देणं, औषधं मोजून ठेवणं ही तिची नगरपालिकेची नोकरी. तिकडे बस दिवसातून दोनदा. म्हणजे गाडी आहे तोवर नोकरी. आणि गाडी सोळा वर्षांची, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभी राहणारी.

वर्षाच्या सरकारी तपासणीत, एमओटीत, तपासनिसानं दाराखालच्या पत्र्यावर आपली छोटी हातोडी मारली आणि हातोडी आत गेली. गंजाचा चुरा त्याच्या बुटावर पडला.

"बाई, हिला आता भंगारात घाला," तो म्हणाला.

"तुला विचारलंय का मी?" थेल्मा म्हणाली. "काय काय करायचं ते लिहून दे."

त्यानं लिहून दिलं. दोन्ही बाजूंचे उंबरे, म्हणजे दाराखालचे पत्रे, कापून नवा पत्रा, चारी कडांनी अखंड वेल्डिंग, नुसते टाके चालणार नाहीत. दहा दिवसांत परत आणा. तिच्या साहेबीणबाईंनीही तेवढीच मुदत दिली: पुढच्या शुक्रवारपर्यंत गाडी नसेल तर थेल्माची घरं दुसरीला. गॅरेजवाले एक तर हसले, नाहीतर मे महिन्यातली तारीख सांगू लागले.

पण थेल्मा काही हात जोडून बसणाऱ्यातली नव्हती. हा पत्रा आज ना उद्या जाणार हे तिनं गेल्याच वर्षी ओळखलं होतं. म्हणून जानेवारीपासून दर मंगळवारी संध्याकाळी ती कॉलेजात गाडीचा पत्रा दुरुस्त करण्याच्या वर्गाला जात होती. वर्गात अकरा पुरुष आणि ही एक. पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, "चहा करायला आलीस का गं?" ती म्हणाली, "तुझ्या आईनं पाठवलंय, तुझं नाक पुसायला." त्यानंतर कुणी विचारलं नाही. शिकवणारा रिग मास्तर तिखट माणूस, कौतुकाचा शब्द त्याच्या तोंडून कधी सांडायचा नाही. पण आठव्या आठवड्यात तिची वेल्डिंगची शिवण उजेडात धरून तो म्हणाला, "हात स्थिर आहे. घाई सोडलीस तर जमेल."

टेबलावर जमणं वेगळं आणि गाडीखाली उताणं पडून, ठिणग्या गळपट्टीत शिरत असताना जमणं वेगळं. तिनं वेल्डिंगचं जुनं यंत्र विकत घेतलं होतं, पुढची चाकं विटांवर चढवली, कुजका पत्रा कापून काढला. पहिल्याच दिवशी मूर्खपणा केला. एकच टाका तर घालायचा, म्हणून मुखवटा न लावता नुसते डोळे मिटून चाप ओढला. मिटलेल्या पापणीनं का तो उजेड अडतो? चार तासांनी डोळ्यांत वाळू भरल्यागत आग सुरू झाली. चहाच्या गार पिशव्या डोळ्यांवर ठेवून ती स्वयंपाकघरात बसून राहिली. उघडले तर पाणी, मिटले तर आग. पाण्याचा नळ चाचपताना दुधाची बाटली फुटली, आणि ती फुटलेली काच उचलताही येईना. आपल्याच घरात ती पाहुण्यासारखी उभी होती.

गल्लीतून क्लिफचा आवाज आला. "लागला ना उजेड? बटाट्याचे काप लाव, अडाणी! गोदीत वेल्डिंग करत चाळीस वर्षं काढलीत मी. चहानं काय डोंबल होतंय?"

"तू मर!" थेल्मा ओरडली. पण बटाटा लावला. बरं वाटलं, म्हणून तर जास्तच राग आला.

पत्र्यात भोकं पडू नयेत म्हणून वेल्डिंगच्या टोकाशी वायूची फुंकर लागते. दुकानातला छोटा डबा पाऊण तासात संपला. बॅरोत घरी वेल्डिंग करणारा कुणीही दुकानातला वायू घेत नाही, क्लबातला घेतो. बिअर तळघरातून वर ढकलायला जो कार्बन डायऑक्साइड लागतो तोच पत्र्यालाही चालतो. कामगार क्लबाच्या तळघरात या वायूच्या गुडघाभर उंचीच्या लोखंडी बाटल्या, सिलिंडर, उभ्या असतात, आणि अर्धी बाटली इकडची तिकडे झाली तर कुणी पंचनामा करत नाही. अडचण एकच. निवृत्त झाल्यापासून त्या तळघराची किल्ली क्लिफकडे होती.

थेल्मानं क्लबाचा सेक्रेटरी एर्नी याला गाठलं. "त्याला मी विचारणार नाही. तू सांग."

"सांगतो. वायू मुबलक आहे," एर्नी म्हणाला. "हल्ली आमची साधी बिअरच मेलेली असते, फेस म्हणून नाही. वायू जातो कुठं कोण जाणे."

शनिवारी सकाळी दार वाजलं. उघडेपर्यंत क्लिफची पाठ गल्लीत वळली होती आणि पायरीवर बाटली उभी. सहा वर्षांत त्या माणसानं माणसासारखं वागायची ही पहिलीच वेळ. "थँक्यू" हा शब्द थेल्माच्या ओठांपर्यंत आला होता, नशीब की निसटला नाही.

रविवारी तिनं डाव्या बाजूची शिवण घातली. खरवडून पाहिली तर अनारशासारखी जाळी. घासून काढली, पुन्हा घातली. पुन्हा जाळी. तार बदलली, वेग बदलला, वीज कमी केली, जास्त केली. सोमवारीही तेच. गाडीखाली पाठीवर पडल्या पडल्या तिला रडू आलं आणि रडू आल्याचा संताप आला. चोपन्नाव्या वर्षी कशाला या उचापती, असं तिनं स्वतःलाच हजारदा ऐकवलं. वर डोंगराकडे ब्रॉकबँक नावाचा म्हातारा होता, दृष्टी गेलेला. मंगळवारच्या अंघोळीला दुसरी बाई आली तर तो दार उघडायचा नाही, हेही तिला तिथंच आठवलं.

मंगळवारी तिनं त्या जाळीदार शिवणीचा एक तुकडा कापून रिग मास्तरापुढे टाकला. त्यानं तो फिरवून पाहिला. "हात तुझाच आहे. वायू कुठला?"

"क्लबातला."

"साध्या बिअरचा की काळ्या?"

बाटलीवरचं लेबल वाचायचं थेल्माला सुचलंच नव्हतं.

"काळ्या बिअरला जाड फेस लागतो, म्हणून तिच्या वायूच्या बाटलीत नायट्रोजन जास्त असतो. त्यावर वेल्डिंग केलंस तर ब्रह्मदेवालाही जाळी चुकणार नाही. कुणी दिली?"

"क्लिफ कर्वेननं."

मास्तराच्या भुवया वर गेल्या. "गोदीतल्या क्लिफनं? हे त्याला माहीत नाही असं होणारच नाही."

बस्स. थेल्माच्या अंगाचा तिळपापड झाला. बुधवारी दुपारी तिनं बाटली ढकलगाडीत घातली आणि तीन गल्ल्या ढकलत क्लबात नेली. पुढच्या खोलीत बायकांनी जायचं नाही असा तिथला रिवाज. ती सरळ आत गेली. पंधरावीस जण पेल्यांवरून बघत राहिले. क्लिफ काउंटरमागे पेले पुसत होता.

तिनं बाटली उचलून काउंटरवर आदळली. "काय दिलंस मला हे?"

"वायू मागितलास, वायू दिला."

"काळ्या बिअरचा! दोन दिवस माझे पाण्यात गेले. शुक्रवारी गाडी उभी नाही राहिली तर माझी नोकरी जाते, हे ठाऊक होतं तुला!"

"नाचता येईना अंगण वाकडं," क्लिफ खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला. सगळे हसले. "बाईमाणसाला शिवण जमते ती पडद्याची. शिवण बिघडली की वायू वाईट!"

"मग वाच. लेबल वाच सगळ्यांसमोर."

क्लिफनं पेला खाली ठेवला, बाटलीवर हात ठेवला, मान किंचित वाकवली आणि ठणठणीत आवाजात वाचलं, "कार्बन डायऑक्साइड. आता तू वाच. का शाळेतही गेली नव्हतीस?"

वाचायला थेल्माला वाकावंही लागलं नाही. लेबल तिच्या बाजूला होतं. त्याच्या बाजूला नुसता करडा रंग होता, त्यावर एक अक्षरही नव्हतं.

मागच्यांना हे दिसत नव्हतं, बाटली तिच्या अंगाआड होती. तिनं त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. बाहुल्यांवर दुधाची साय आली होती. बाटल्यांची अदलाबदल होऊन मेलेली साधी बिअर, पायरीवर बाटली ठेवून लगेच वळलेली पाठ, सगळं एका क्षणात तिच्या ध्यानात आलं.

तिचं गप्प होणं क्लिफलाही कळलं. त्याचा अंगठा बाटलीवर सरकत सरकत वळला, लेबलाची कड सापडली, आणि तिथंच थांबला. त्याचा चेहरा उतरला. मग तो मोठ्यानं म्हणाला, "बरं, मुद्दाम दिली! मग? काय करणार आहेस?"

खोलीत कुजबुज सुटली. हे मात्र फार झालं, असं एर्नीही म्हणाला. याला दिसत नाही, एवढं एक वाक्य बोलायचा अवकाश होता आणि तळघराची किल्ली गेली असती, काउंटर गेला असता. मग राहिला असता तो घरात, कुणी आलं तरी दार न उघडणारा. असली दारं थेल्मा रोज ठोठावत होती.

"ऐकलंत ना?" ती वळून म्हणाली. "मुद्दाम दिली म्हणतोय. असलाच आहे तो. पहिल्यापासून."

एर्नीला सांगून तिनं क्लिफकडची किल्ली मागून घेतली आणि तळघरात स्वतः उतरली. लेबल वाचून बरोबर बाटली काढली. मग खिशातली वेल्डिंगची तार घेऊन काळ्या बिअरच्या वायूच्या प्रत्येक बाटलीच्या गळ्याला, चाचपताच हाताला लागतील असे, दोन वेढे घातले, पकडीनं घट्ट पिळले. काम करताना ती त्याला शिव्याच देत होती.

गुरुवारी दोन्ही बाजूंच्या शिवणी घातल्या. फार सुरेख नव्हत्या, पण अखंड होत्या. शुक्रवारी तपासनिसानं हातोडी मारली, टण् असा आवाज आला. पुन्हा मारली. "कुणाकडून करून घेतलं?" त्यानं विचारलं.

"एका अडाणी बाईकडून," थेल्मा म्हणाली आणि पासाचा कागद त्याच्या हातातून ओढून घेतला.

संध्याकाळी ती बाटली परत करायला पुढच्याच खोलीत गेली. या वेळी कुणी भुवई उचलली नाही.

"पास झाली?" क्लिफनं काउंटरमागून विचारलं.

"झाली."

"तपासनीस आंधळा असणार!"

खोली हसली. थेल्माच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते तिनं गिळलं. "असेल," ती म्हणाली.

क्लिफनं न मागताच अर्धा पेला भरला. साध्या बिअरला चांगला दोन बोटं फेस आला होता. पेला पुढे सरकवताना तो वाकला आणि फक्त तिला ऐकू जाईल असं बोलला. "त्या तारा तू बांधल्यास. मला तुझी दया नको."

"मग सोडून टाक."

त्यानं सोडल्या नव्हत्या. थोडा वेळ तो काउंटर पुसत राहिला, मग आणखी खाली वाकला. "मेविसला कळवू नकोस."

सहा वर्षांत त्यानं तिच्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. आणि देण्यासारखं थेल्माकडे खरं तेवढंच होतं.

"तुझं मी तिला काहीच कळवत नाही," ती म्हणाली. "ती विचारतच नाही."

हे वाक्य त्याच्या तोंडावर फेकायला तिनं सहा वर्षं जपून ठेवलं होतं. फेकल्यावर मात्र तिला काहीच गोड लागलं नाही. क्लिफ आधीच पुसून झालेली जागा पुन्हा पुसू लागला, आणि थेल्मानं बिअर संपवून पेला त्याच्या हाताला लागेल असा ठेवला.